डाव्या किडनीची निगा

माझ्या डाव्या किडनीवरचा माझा हक्क गेल्या दिवाळीच्या आसपास संपला. तोवर ती नेमकी कुठे असते हेही मला धड ठाऊक नव्हतं. पाठ दुखली की मी कमरेच्या जरा वर हात लावून "किडनीचं काही नसेल ना गं" असं बायकोला विचारायचो, आणि ती माझ्याकडे न बघताच "गॅस असेल" म्हणायची. एवढाच आमचा संबंध.

माझी थोरली बहीण बोरिवलीला राहते. तिच्या दोन्ही किडन्या हळूहळू कामातून गेल्या. आधी दोन वर्षं औषधांवर निभावलं, मग एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसहून आली की ताई सोफ्यावर पडून राहायची आणि तिचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा. डाव्या मनगटाच्या वर डॉक्टरांनी तिच्या दोन रक्तवाहिन्या जोडून ठेवल्या होत्या, सुया टोचायला सोपं जावं म्हणून. एकदा तिने माझं बोट धरून तिथे ठेवलं. आत काहीतरी सारखं गुरगुरत होतं, मांजर मांडीवर घेतल्यासारखं. "झोपताना ऐकू येतं रे," ती म्हणाली. "ऐकू आलं की बरं वाटतं. थांबलं तर वाट लागली."

डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कोणी किडनी दिली तर चांगली वर्षं मिळतील. भावोजींना मधुमेह, भाचीचा रक्तगट वेगळा. हे सगळं बोलणं एका रविवारी ताईकडे जेवताना चाललं होतं आणि मी एकदम म्हणालो, "मी आहे ना."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. पानात तळलेली सुरमई होती, सोलकढीची दुसरी वाटी झाली होती. पोट भरलं की माझ्यासारखा माणूस उदार होतो. सगळे जेवायचे थांबले. भावोजींनी चष्मा काढून पुसला. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नीट विचार कर रे." मी म्हटलं, "विचार काय करायचाय." खरं तर तोच करायला हवा होता, पण आता सगळ्यांसमोर कसा करणार?

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या दोन्ही किडन्या दाखवल्या आणि डावी काढू म्हणाले, तिची रक्तवाहिनी लांब असते, जोडायला सोपी जाते. एकच अडचण होती. माझं वजन एक्याण्णव किलो. "निदान नऊ किलो उतरवा. तीन महिने देतो." आणि एक छापील कागद दिला. त्यात लिहिलं होतं की वेदनाशामक गोळ्या, काढे, चूर्णं, कसलीही पावडर आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मी तो कागद वाचला, सही केली आणि घडी करून पाकिटात ठेवला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी वाचलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यात डावीची निगा सुरू झाली. मुलुंडला आमच्या घरी सकाळी सातला भावोजींचा फोन यायचा, "काय म्हणते आमची डावी?" बायकोने लोणच्याची बरणी आईच्या घरी नेऊन ठेवली. इमारतीतले लोक लिफ्टमध्ये माझ्या तोंडाकडे न बघता कमरेकडे बघायचे. मी शिंकलो तरी घरातले दचकायचे. पन्नास वर्षं मला कोणी इतकं जपलं नव्हतं, आणि आता जपत होते ते मला नाहीच, हेही कळत होतं.

मी चालायला लागलो. रोज सकाळी तासभर. महिन्याने वजन केलं तर दीड किलो उतरलेलं. डॉक्टरांनी दिलेल्या तीन महिन्यांतला एक असाच गेला होता आणि तिकडे ताईला डायलिसिसच्या मध्येच दोनदा चक्कर आली होती. रविवारी गेलो की ती विचारायची नाही, पण भावोजी माझ्या पोटाकडे बघायचे. शेवटी एके दिवशी मी स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या जिममध्ये नाव घातलं.

तिथे शिकवायला पंचविशीतली एक मुलगी होती, घाटकोपरची. तिने एक अर्ज भरायला दिला. त्यात रकाना होता, "काही आजार, औषधं, शस्त्रक्रिया?" मी लिहिलं, "नाही." किडनी देणार आहे असं लिहिलं असतं तर तिने मला दारातूनच परत पाठवलं असतं, किंवा हलकंफुलकं काहीतरी करायला लावून दया दाखवली असती. मला दया नको होती. मला नऊ किलो हवे होते. आणि खरं सांगायचं तर आरशांच्या त्या खोलीत पहिल्या दिवशीच आजारी माणसाचा रकाना भरायला माझी मान वाकेना.

"काका, आधी काही केलंय?"

"कॉलेजात कबड्डी खेळायचो."

"कोणत्या साली?"

मी साल सांगितलं. ती म्हणाली, "मी जन्माला पण नव्हते ना तेव्हा. ठीक आहे, उठाबशा दाखवा."

मी उठाबशा दाखवल्या. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही, म्हणून मी बायकोसमोर फुशारकी मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले आणि ते माझे नाहीतच असं वाटलं. संडासात बसायला दोन्ही भिंतींचा आधार घेतला आणि उठायला बायकोला हाक मारावी की नाही यावर बराच वेळ विचार केला. जिना उतरताना मी आडवा उतरायचो, खेकड्यासारखा. दंड इतके भरून आले होते की शर्टाचं वरचं बटण लावायला मान खाली न्यावी लागे. पाच दिवस जिमला गेलो नाही. पुन्हा गेलो, पुन्हा दोन दिवस केलं, पुन्हा चार दिवस पडून. त्या हिशोबाने वजन उतरायला पुढची दिवाळी उजाडली असती.

"तुमची रिकव्हरी होत नाहीये, काका," ती म्हणाली. "लोकांना वाटतं बॉडी इकडे बनते. इकडे फक्त तुटते. बनते ती घरी, झोपेत. तुमच्या वयात बनायला टाइम लागतो. चालणार आहे ना मग? रोज नका येऊ, एक दिवस आड येत जा."

मला एक दिवस आड यायला वेळ नव्हता. मी विचारलं, लवकर बरं होण्यासाठी काही असतं का. ती म्हणाली, असतं तसं, क्रिएटिन म्हणून पावडर असते, इकडची बरीच पोरं घेतात, पण बीपी, किडनी, काही प्रॉब्लेम नाही ना? असेल तर डॉक्टरला विचारा आधी.

मी म्हटलं, "प्रॉब्लेम काही नाही."

आणि हे खोटं नव्हतं, असं मी घरी येताना स्वतःला समजावलं. किडनीला प्रॉब्लेम कुठे होता? उलट ती इतकी चांगली होती की दुसऱ्याला द्यायची ठरली होती. आणि पावडर म्हणजे काही औषध नाही, खाऊच आहे एक प्रकारचा. नाचणीचं सत्त्व नाही का देत बाळाला. मी पुढच्या गल्लीतल्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा एक डबा घेतला. खाऊच होता तर मग तो मी पोटमाळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात का ठेवला, ते विचारू नका. भाद्रपदाशिवाय त्या खोक्याला कोणी हात लावत नाही, हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

जिमच्या मुलीने सांगितलं होतं, डब्यात चमचा असतो, रोज एक. डबा उघडला तर चमचा नव्हता. कंपनी ठेवायला विसरली असेल म्हणून मी आमचा पोह्यांचा चमचा घेतला आणि शीग लावून भरला. आमच्याकडे चमचा म्हटला की तो शीग लावूनच भरायचा असतो, साखरेचा असो की डालड्याचा. अडीच आठवड्यांनी डबा अर्धा झाला तेव्हा तळाशी काहीतरी टोचलं. खणून काढलं तर कंपनीचा चमचा. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. मी तो हातात घेऊन माळ्याच्या शिडीवर बराच वेळ उभा राहिलो. मग तो पुन्हा पावडरमध्ये खुपसला आणि पोह्यांच्या चमच्यानेच घेतली, कारण एव्हाना मला गुण आला होता.

गुण खरंच आला होता, की मला तसं वाटत होतं, देव जाणे. पण मी रोज जाऊ लागलो. पाय दुखायचे, पण चालायचे. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आंघोळीनंतर मी आरशासमोर दंड वळवून बघायचो आणि कोणी आलं की टॉवेल झटकल्यासारखं करायचो. एके दिवशी बायकोने पकडलंच. "काय चाललंय? बहिणीला किडनी द्यायचीय की कुस्ती खेळायचीय?" मी म्हटलं, "चालण्याचा परिणाम." ती म्हणाली, "हातांवर चालता का तुम्ही?"

तीन महिन्यांच्या शेवटी मी ब्याऐंशी किलो भरलो. शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी जिममध्ये पायांचा असा व्यायाम केला की मुलीला म्हणावं लागलं, "बस करा काका, उद्या लग्न आहे का?" सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं. ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. अकरा दिवस राहिले होते.

दोन दिवसांनी मी कांजूरमार्गला ऑफिसात असताना हॉस्पिटलातून फोन आला. प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या बाई होत्या. "सर, तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं आलंय. आधी शून्य पॉइंट नऊ होतं, आता दीडच्या वर आहे. डॉक्टर मंगळवारी भेटतील. तोपर्यंत तारीख थांबवतोय आपण."

क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा. तीन महिने ताईच्या रिपोर्टांमध्ये मी तोच शोधत आलो होतो. आता तो माझ्या नावापुढे होता.

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण स्वच्छ बरं वाटलं. परीक्षेच्या दिवशी शाळेला अचानक सुट्टी मिळाली की वाटायचं तसं. माझं पोट कापणार नाहीत आणि त्यात माझा काही दोषही नाही, तब्येतच आडवी आली, कोण काय बोलणार. मग तो क्षण गेला आणि पोह्यांचा चमचा आठवला. तीन महिने सगळ्यांनी मिळून जपलेली ती डावी, मी पोटमाळ्यावर चढून रोज शीग लावून बिघडवली होती की काय? ती माझी असती तर एक वेळ चाललं असतं. ती ताईची होती.

घरी आलो आणि बायकोला आकडा सांगितला. पावडरीचं सांगितलं नाही. इंटरनेटवर वाचलं, एका ठिकाणी लिहिलं होतं की या पावडरीने काही होत नाही, दुसऱ्या ठिकाणी की किडन्या जातात. मी दुसरं तीनदा वाचलं. पावडर बंद केली. लघवीचा रंग बघायला लागलो आणि त्यासाठी संडासात जास्त वॅटचा बल्ब लावला.

एक तासात सगळ्या घराण्याला कळलं. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं लॅबवाल्यांची चूक. भावोजींचा सकाळचा फोन आला नाही. त्याऐवजी ताईचा आला.

"तू बरा आहेस ना रे?"

"मी बरा आहे. आकडाच जरा वर आहे."

"अशक्तपणा? पायाला सूज?"

"नाही गं."

मग म्हणाली, "हे बघ, माझं असंच सुरू झालं होतं. आधी नुसता आकडाच वर होता. मी यांना सांगितलंय, त्याची घ्यायची नाही. उद्या तुझी एकच राहिली आणि तीही अशी निघाली, तर तू कुठे जाशील? मला तुझी नकोच आता. मंगळवारी डॉक्टरांना मीच सांगते."

म्हणजे आता मी गप्प राहिलो तर ताई स्वतःहून नाही म्हणणार होती. आणि तिला दुसरं कोणी नव्हतं. मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून नोंदणी केली होती, पण तिथे वर्षानुवर्षं थांबायचं असतं आणि मधल्या मध्ये चक्कर येत राहायची. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. शनिवारपर्यंत मी ते फोनवर चार वेळा बोलायला गेलो आणि चारही वेळा तिच्या जेवणाची चौकशी करून फोन ठेवला. चोरी पकडली जाण्यापेक्षा किडनी नापास झालेली बरी, इतक्या खालच्या पायरीवर माझं मन उतरलं होतं.

रविवारी ताईकडे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्या कोकणातल्या घरांत काही मोठं अडलं की देवासमोर नारळ ठेवून घरातला वडीलधारा माणूस मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमचे काका जोगेश्वरीहून आले होते. वय ऐंशीच्या वर, पण आवाज असा की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला. ताई खुर्चीवर बसली, आम्ही मागे हात जोडून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या लेकीचा जा काय दुखणा आसा, ता दूर कर. तिचो भाव तिच्यासाठी उभो रवलो, आणि त्येच्यारच इघ्न इला. ता निवार म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझे ओठ हलले.

"आणि कोणाकडसून जाणता-अजाणता काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घाल म्हाराजा."

या वाक्याला माझ्या तोंडून काही येईना. लहानपणापासून हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि झोपेतसुद्धा त्याला हो म्हटलंय. ते कोणाबद्दल असतं याचा कधी विचार केला नव्हता. बाकीच्यांचं म्हणून झालं आणि मी एकटाच मागे राहिलो, तेव्हा बायकोने वळून बघितलं.

"काका, जरा थांबा," मी म्हटलं. "मी पावडर घेतलीय."

काका वळले. "पावडर म्हंजे? ती तोंडाक लावतत ती?"

"जिममधली. दुखू नये म्हणून. महिना झाला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं."

मग बायकोने विचारलं, "कुठे ठेवली होती?"

"मखराच्या खोक्यात."

"गणपतीच्या?"

"हो."

"मला कणीक मळून द्या म्हटलं तर यांचा खांदा दुखतो," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन महिने मी यांचं मीठ मोजतेय हो."

भावोजी खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मी तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. "गप. गाराणा मधीच तोडूचा नसता." आणि देवाकडे वळून त्याच आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान कोणाक न इचारता कायतरी पावडर खाल्ल्यान. येडो आसा, पण वायट नाय. त्येचा रगात साफ कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि मीही म्हणालो.

नंतर मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा होतो. ताई हळूहळू चालत आली. ती बाजूला उभी राहिली. मग मीच उरलेलंही सांगून टाकलं, कारण अर्धं सांगून मला झोप लागली नसती. "हॉस्पिटलचा फोन आला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं, ताई. सुटलो असं."

ताईने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा ठेवलं. "तुझं सगळं जुळलं असं सांगितलं होतं ना डॉक्टरांनी, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "तुला कापणार हे माहीत होतं. तरी बरं वाटलं. घरी येऊन मी दोन दिवस तुझा फोन घेतला नव्हता, आठवतं?"

मला आठवत होतं. मला वाटलं होतं तिला थकवा असेल.

मंगळवारी मी डबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं. "चमचा?" त्यांनी विचारलं. मी आमचा चमचा केवढा ते बोटांनी दाखवलं. ते रागावतील अशी मी तयारी केली होती. ते नुसते थकल्यासारखे दिसले, आणि त्याने मला जास्त लाज वाटली.

"हे बघा," ते म्हणाले. "स्नायू रोज थोडे झिजतात. त्यांचा कचरा रक्तात येतो आणि किडनी तो गाळते. कचरा किती उरलाय ते आम्ही मोजतो. तुम्ही वरून ही पावडर ओतलीत आणि आदल्या दिवशी पाय मोडेस्तोवर व्यायाम केलात. कचरा जास्त दिसणारच. गाळणी चांगली असूनही दिसू शकतो. किंवा गाळणी खरंच बिघडलेली असेल. आज मी दोन्हीपैकी काहीच सांगू शकत नाही."

"मग?"

"तीन आठवडे पावडर बंद, जिम बंद. नुसतं चालायचं. तपासणीआधी मटण-मासे नाहीत. मग रक्त पुन्हा, आणि किडनी किती गाळते ते थेट मोजणारा स्कॅन. पावडरीमुळे असेल तर उतरेल. नाही उतरलं तर मी तुमची किडनी काढणार नाही." मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "आणि मग तुम्हालाच माझ्याकडे यावं लागेल, पेशंट म्हणून."

ते तीन आठवडे. काहीही न करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. जिमच्या मुलीला मी जाऊन खरं सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग चिडली. "काका, मी विचारलं होतं ना यार. फॉर्मवर पण लिहिलं होतं." मी म्हटलं, तुझी काहीच चूक नाही. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. मग दोन दिवसांनी तिचाच मेसेज आला, "पाणी पिताय ना?" मी प्यायचो. चालायचो. दंड हळूहळू पुन्हा माझे नेहमीचे झाले आणि त्याचंही मला भय वाटायचं, की हे बरं लक्षण की वाईट. कमरेच्या डाव्या बाजूला रोज नवीन दुखायचं. बायकोला विचारलं तर आता ती "गॅस असेल" म्हणत नव्हती. ती उठून पाठीवर हात ठेवून बघायची, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. ताईला डायलिसिस होतं. डॉक्टरांनी कागद वाचले, पुन्हा मागचे काढून त्यांच्याशी ताडून बघितले. "उतरलंय," ते म्हणाले. "पॉइंट नऊ. स्कॅनही चांगला आहे."

मी खुर्चीचा हात धरला होता तो सोडला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"आता एक विचारतो. हे प्रत्येकाला विचारतो. तुम्हाला अजून द्यायची आहे का? नको असेल तर मी घरी एवढंच सांगेन की वैद्यकीय कारणाने जमत नाही. त्यापुढे कोणाला काही कळणार नाही. ताईंनाही नाही."

म्हणजे सुट्टी पुन्हा दारात उभी होती, आणि या वेळी तर डॉक्टरांच्या सहीने. मी वाट बघितली की मला काय वाटतंय. बरं वाटत नव्हतं.

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"ती सगळ्यांना वाटते. मी ते नाही विचारलं."

"द्यायची आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

ऑपरेशन होऊन गेलं. देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं असं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी सुरमई खात असेन. हसता येत नव्हतं, खोकता येत नव्हतं. व्यायामाने भरून आलेले पाय मला आता चैन वाटायला लागले होते. ताईचा आकडा रोज सकाळी येईपर्यंत मी चहा घेत नव्हतो. पहिले दोन दिवस तो झपाट्याने उतरला, तिसऱ्या दिवशी जागच्या जागी थांबला, आणि तो दिवस कसा गेला ते मी सांगू शकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा उतरला.

त्या दिवशी परिचारिकेने मला उठवून चालायला लावलं. मी भिंत धरून, पोटावर उशी दाबून, म्हाताऱ्या कासवाच्या चालीने ताईच्या खोलीपर्यंत गेलो. आत जायला मनाई होती, जंतूंची भीती. काचेतून दिसली. ती उभी होती. तोंडाला मास्क, पण त्याच्या वर गालांवर रंग आला होता, जो मी दोन वर्षांत बघितला नव्हता. मला बघून ती सलाइनचा दांडा ढकलत काचेपाशी आली, माझ्यापेक्षा लवकर. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोटाकडे बोट दाखवून मान उडवली. दुखतंय का?

मी मान हलवून नाही म्हटलं.

तिने काचेवर बोटाने टकटक केलं आणि डोळे मोठे केले.

मग मी हो म्हटलं.